पोथीचा फोटो काढला, म्हणजे पोथी वाचली का?

वाशी, नेरूळ, खारघरच्या अनेक घरांत गावच्या वाड्यातून आलेलं एखादं बासन माळ्यावर पडून असतं. लाल फडक्यात पोथी, सोबत पणजोबांची चोपडी. एक कोटीहून अधिक हस्तलिखितांची नोंद आणि जतन करण्यासाठी २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ‘ज्ञान भारतम्’ मोहीम जाहीर झाली. खासगी संग्रहही तिच्या कक्षेत आहेत. तेव्हा ही बासनं उघडण्याआधी काही समज तपासून घेतलेले बरे.

गैरसमज : हस्तलिखित म्हणजे संस्कृत, धार्मिक आणि अतिप्राचीन.
वस्तुस्थिती : २००३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय हस्तलिखित मिशनने भाषेची अट घातलेली नाही. मजकूर हाताने लिहिलेला, किमान ७५ वर्षांपूर्वीचा आणि ज्ञानाच्या, इतिहासाच्या किंवा कलेच्या दृष्टीने मोलाचा हवा. मग ती बखर असो, वैद्यकाचं बाड असो वा ज्योतिषाची वही. शिळाप्रेसवर छापलेली पोथी मात्र यात बसत नाही. तिचं अक्षर हाताचं वाटतं, म्हणून छापखान्याचं नाव कुठे आहे का, ते आधी पाहावं. मोडीतली हिशेबाची चोपडी व्याख्येनुसार ‘दप्तरा’त मोडते, पण म्हणून ती रद्दीत घालू नये.

गैरसमज : मोबाइलवर पानं टिपून पीडीएफ केली की काम झालं.
वस्तुस्थिती : काहीच नसण्यापेक्षा ते बरं, इतकंच. पोथीची पानं सुटी असतात. एक पान मागेपुढे झालं की मजकुराचा धागा तुटतो. म्हणून पानाच्या दोन्ही बाजू, कोरी असली तरी, क्रमाने टिपतात. शेजारी मोजपट्टी आणि रंगपट्टी ठेवतात. लेखनिकाने चुकीच्या अक्षरांवर पिवळा हरताळ फासलेला असतो. कृष्णधवल प्रतीत तो निव्वळ करडा डाग दिसतो आणि दुरुस्ती कुठे झाली, ते कळत नाही. शेवटच्या पानावरची पुष्पिका तर चुकवूच नये. शक, गाव, नक्कल करणाऱ्याचं नाव बहुधा तिथेच सापडतं. या तपशिलांची सूची नसेल, तर शेकडो फोटोंतून हवी ती पोथी शोधायची कशी?

गैरसमज : स्कॅन झालं, आता मूळ प्रत गेली तरी चालेल.
वस्तुस्थिती : कागदाचा पोत, जलचिन्ह, शाईचा प्रकार यांवरून काळ ठरवता येतो. ते पडद्यावर पुरतं उतरत नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेतल्या ऋग्वेदाच्या ३० हस्तलिखितांचा २००७ मध्ये युनेस्कोच्या ‘जागतिक स्मृती’ नोंदवहीत समावेश झाला. त्याच संस्थेवर ५ जानेवारी २००४ रोजी जमावाने हल्ला केला होता. मूळ प्रत जपायला हवीच, पण ती कधी संकटात येईल याचा नेम नसल्याने दुसरी प्रतही हवी. डिजिटल प्रतीचा खरा फायदा हा, की मूळ पानं वारंवार हाताळावी लागत नाहीत.

गैरसमज : सर्व्हरवर चढवलं की कायमचं सुरक्षित.
वस्तुस्थिती : ऐरोली, रबाळे, महापे, पनवेल हा देशातल्या मोठ्या डेटा सेंटर पट्ट्यांपैकी एक. तरीही फाइल आपोआप टिकत नाही. डिस्क बिघडतात, फाइलचे प्रकार जुने होतात. दोनशे वर्षांपूर्वीचा हातकागद आज वाचता येतो, वीस वर्षांपूर्वीची सीडी मात्र अनेकदा उघडत नाही. म्हणून साधा नियम : तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी. त्याही अधूनमधून उघडून तपासायच्या.

गैरसमज : ऑनलाइन आलं की कुणालाही वाचता येतं.
वस्तुस्थिती : मुंबईच्या एशियाटिक सोसायटीने ‘ग्रंथसंजीवनी’ या संकेतस्थळावर दुर्मीळ ग्रंथ खुले केले, तशी दारं उघडली तर अभ्यासकाचा प्रवास वाचतो. मजकूर उलगडायला मात्र माणूस लागतो. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही बहुधा पाळत नाहीत. युनिकोडमध्ये मोडीला २०१४ साली जागा मिळाली, पण हस्ताक्षर बिनचूक वाचणारं यंत्र अजून हाती आलेलं नाही.

गैरसमज : पोथी दाखवली की सरकारजमा होईल.
वस्तुस्थिती : डिजिटल प्रत करू दिल्याने मालकी जात नाही. १९७२ च्या पुरावशेष कायद्याने अशा वस्तू परदेशी नेण्यास बंदी आहे आणि जुन्या सचित्र हस्तलिखितांची नोंदणी करावी लागते. घरात पोथी बाळगणं हा गुन्हा नाही.

पोथी जाणकाराला दाखवेपर्यंत घरी एवढं करा. पोथी प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका. खाडीकाठच्या दमट हवेत आत बुरशी धरते. धुतलेल्या सुती कापडात वेखंडाच्या पुरचुंडीसह ठेवा आणि बाहेरच्या भिंतीला लागून ठेवू नका. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. आणि येत्या पावसाळ्याआधी जाणकाराला एकदा दाखवाच.