पीळ, गुठळी आणि सहा तास

वृषणाला रक्त पुरवणारी धमनी जांघेतच कुठे तरी सुरू होत असेल, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात ती निघते पोटातल्या महाधमनीतून, मूत्रपिंडांच्या जरा खालून, आणि वीतभराहून लांब प्रवास करत खाली येते. हा द्राविडी प्राणायाम कशासाठी? गर्भात वृषण तयार होतं तेच मुळी पोटात, मूत्रपिंडाच्या शेजारी. सातव्या महिन्याच्या सुमारास ते जांघेच्या वाटेनं उतरतं आणि उतरताना रक्तवाहिन्या, नसा असा सगळा बाडबिस्तरा सोबत ओढत आणतं. जुना पत्ता शरीर विसरत नाही. म्हणून दुखणं वृषणाचं असलं तरी कळ कधी कधी बेंबीपाशी उठते, पोराला ओकाऱ्या होतात आणि घरात ओव्याची डबी शोधली जाते.

ज्या दोरीवर वृषण लोंबतं, तिला पीळ पडू शकतो. एरवी ते पिशवीच्या आत मागच्या बाजूनं चिकटलेलं असतं. काही मुलांमध्ये जन्मतःच ही पकड नसते; ते घंटेतल्या लोलकासारखं मोकळं हलतं. मग १२ ते १८ या वयात कधी खेळताना, तर कधी चक्क गाढ झोपेत, ते स्वतःभोवती एक-दोन वेढे घेतं. पंचविशीच्या आतल्या पुरुषांत वर्षाला साधारण ४००० मागे एकाला हे होतं. म्हणजे दुर्मीळ, पण एखाद्या तालुक्याला अनोळखी राहील इतकं नाही.

पिळात आधी दबतात त्या शिरा, कारण त्यांच्या भिंती पातळ. धमनी मात्र जोर लावून रक्त आत ढकलत राहते. आत येणारं येतंय, बाहेर जायला वाट नाही. वृषण सुजतं, निळंकाळं पडतं आणि शेवटी धमनीही हार मानते. पहिल्या सहा तासांत पीळ सुटला तर दहातली नऊ वृषणं वाचतात. बारा तासांवर निम्मी. चोवीस तास उलटल्यावर बहुधा काढूनच टाकावं लागतं.

आता हे सहा तास आष्टीत मोजून पाहा. बीडची आष्टी नव्हे, वर्ध्याचीही नव्हे. जालना जिल्ह्यातली, परतूर तालुक्यातली. समजा, रात्री दोनला कळ आली. 'अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर' या म्हणीवर आपण हसतो, पण पंधरा वर्षांच्या पोराची आईसमोर जीभ रेटत नाही. तो 'पोट दुखतंय' एवढंच म्हणतो. सकाळी बघू, असं ठरतं. उजाडेपर्यंत चार तास गेले. मग गाडीची जुळवाजुळव, परतूर, तिथून जालना. आणि तिथंही 'पुढे न्या' म्हणाले, तर आणखी साठेक किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय. रस्ता जेवढा वेळ खातो, त्याहून जास्त खातो तो संकोच.

तपासणी मात्र थक्क करणारी साधी. डॉक्टर मांडीच्या आतल्या बाजूवर हलकेच बोट फिरवतात. निरोगी मुलात त्या बाजूचं वृषण टुणकन वर सरकतं. पीळ पडलेलं बहुधा हलत नाही. शस्त्रक्रियेत पिशवीवर छोटा छेद देऊन पीळ उलगडतात, वृषण कोमट ओल्या कापडात गुंडाळतात आणि थांबतात. घाईच्या या सगळ्या प्रकरणात ही काही मिनिटं नुसती बघत राहण्याची. काळं गुलाबी होऊ लागलं की टाके घालून ते जागेवर पक्कं करायचं. दुसरं वृषणही त्याच बैठकीत पक्कं करतात, कारण लोलकाचा दोष सहसा दोन्हीकडे असतो.

सहा तासांचा हाच हिशेब पायालाही लागू पडतो. ताल बिघडलेल्या हृदयात किंवा संधिवाती तापानं खराब झालेल्या झडपेपाशी रक्ताची गुठळी होते, सुटते आणि वाहत जाऊन जांघेत, धमनीला फाटा फुटतो तिथं अडकते. पाय पांढरा, गार, बधिर. बोटं हलत नाहीत. पूर्वी गुठळी काढायला पाय लांबवर उघडावा लागे आणि पुष्कळदा पाय जाई, नाही तर माणूस. अमेरिकेत सिनसिनाटीच्या थॉमस फोगार्टीनं पोरवयात इस्पितळात काम करताना हे पाहिलं होतं. पुढे वैद्यकीचं शिक्षण घेताना त्यानं लघवीच्या मार्गात घालायची बारीक नळी घेतली आणि तिच्या टोकाला रबरी हातमोज्याच्या करंगळीचा तुकडा बांधला. डिंक टिकेना. मासेमारीच्या गळाला नकली माशी बांधण्याच्या गाठी त्याला लहानपणापासून येत होत्या. त्याच कामी आल्या. १९६१मध्ये ही नळी पहिल्यांदा रुग्णावर वापरली गेली. जांघेत छोटासा छेद, फुगा मिटलेला ठेवून नळी गुठळीच्या पलीकडे, मग फुगा फुगवून अलगद मागे ओढायची. गुठळी आपसूक बाहेर. मूत्रविकाराच्या कपाटातली वस्तू अशी रक्तवाहिन्यांच्या कामाला आली. मला हा सगळ्या शल्यशास्त्रातला सर्वांत देखणा जुगाड वाटतो.

पण परत आलेलं रक्तही घातक ठरू शकतं. उपाशी स्नायूंतलं पोटॅशियम एकदम हृदयाकडे धावतं. स्नायूंतलं लाल द्रव्य मूत्रपिंडात अडकतं, लघवी काळपट होते. सुजलेल्या स्नायूंना आतलं आवरण जागा देत नाही, म्हणून पिंढरीवर लांब छेद देऊन ते उघडं ठेवावं लागतं. उशीर जितका जास्त, तितकं हे परतीचं संकट मोठं.

वृषणाच्या पिळाला मात्र मोठं यंत्र लागत नाही, मूत्ररोगतज्ज्ञच हवा असंही नाही. भूल देणारा डॉक्टर आणि जनरल सर्जन असला की भागतं, आणि लक्षणं स्पष्ट असतील तर सोनोग्राफीसाठी ताटकळू नये. घरात दहा-बारा वर्षांच्या पुढचा मुलगा असेल, तर वडिलांनी, मामानं, कुणीही त्याला एकदा सांगून ठेवावं: तिथं अचानक दुखलं तर मध्यरात्रीही उठव, लाजू नकोस. मग त्याला पाणीही न देता १०८ला फोन करा आणि डॉक्टरांना सगळ्यात आधी सांगा, कळ किती वाजता सुरू झाली.