आकाशातली पाठराखण

३ सप्टेंबर २००७ ची गोष्ट. स्टीव्ह फॉसेट हा धाडसी वैमानिक अमेरिकेतल्या नेवाडाच्या वाळवंटातून छोट्या विमानाने एकटाच उडाला. २००२ साली बलूनमधून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस तो हाच! जेवायच्या वेळेपर्यंत परतणार होता, आलाच नाही. कुठल्या मार्गाने जाणार, याची नोंद त्याने केली नव्हती. मग शोधायचं तरी कुठे? हजारो चौरस मैल पालथे घातले. विमानाचे अवशेष सापडले तेरा महिन्यांनी, शेजारच्या कॅलिफोर्नियातल्या डोंगरात! वरून खाली येणाऱ्या वाऱ्यांच्या झोतात विमान सापडलं असावं, असं तपासात निघालं.

अशा निर्जन मुलखावर उडताना तिथले वैमानिक रडारची मदत मागू शकतात. ती कशी मिळते?

विमानात ट्रान्सपॉन्डर नावाचं यंत्र असतं. जमिनीवरच्या रडारने ‘कोण रे तू?’ असं विचारलं, की ते चार आकडी कोड आणि विमानाची उंची कळवतं. नुसतं बाहेर बघत उडणारी बहुतेक विमानं १२०० हाच कोड लावतात. म्हणजे गणवेशातली मुलं जशी लांबून सारखीच दिसतात, तसंच! पण वैमानिकाने रेडिओवर विनंती केली, की नियंत्रक त्याला वेगळा कोड देतो. झाली ओळख! मग नियंत्रक सांगतो, ‘दहा वाजता, तीन मैलांवर विमान आहे.’ घड्याळातले बारा म्हणजे विमानाचं नाक. म्हणजे दहा कुठे ते तुम्हीच बघा!

वारा काही रडारला घाबरत नाही. पण विमान शेवटी कुठे दिसलं, हे कळलं की शोध लगेच सुरू होतो.

मात्र एक गोम आहे बरं का! रडारच्या लहरी डोंगराच्या आरपार जात नाहीत. विमान दरीत उतरलं, की पडद्यावरून गायब! नियंत्रक कामात असेल, तर तो नाहीही म्हणू शकतो. त्यातून वाळवंटातली तापलेली हवा विरळ. पंखांना उचल कमी, इंजिनालाही जोर कमी. म्हणून डोंगर चुकवायची जबाबदारी शेवटी वैमानिकाचीच.

आता एक कोडं. चार आकडी कोडात फक्त ० ते ७ हेच आकडे वापरतात. मग एकूण कोड किती?

(उत्तर : ८ × ८ × ८ × ८ = ४०९६)