लोणारच्या काठावरची जमीन

पाण्याकाठच्या मोकळ्या जमिनीचे काय करावे, हा प्रश्न महाराष्ट्रात बहुधा नद्यांच्या संदर्भात चर्चिला जातो आणि पुण्यातील मुळा-मुठेच्या सुमारे 44 किलोमीटर पात्राच्या काठसुधार योजनेवरून महापालिका व पर्यावरणप्रेमी यांच्यात चाललेला वाद हे त्याचे सर्वांत परिचित उदाहरण होय. बुलढाणा जिल्ह्यात हाच प्रश्न लोणार सरोवराच्या काठी उभा आहे. या जलाशयातून पाणी बाहेर पडण्यास वाटच नसल्याने तेथे त्याचे स्वरूप अधिक बिकट झाले आहे. सरोवराभोवतीच्या जमिनीवर वन विभाग, पुरातत्त्व खाते, महसूल खाते, नगर परिषद, पर्यटन विकास महामंडळ, भाविक, शेतकरी आणि भूशास्त्रज्ञ अशा अनेकांची नजर आहे, आणि यांपैकी प्रत्येकाच्या मनात त्या जमिनीचा एक वेगळा आराखडा आहे.

या आराखड्यांची तुलना करण्यापूर्वी जमीन नेमकी कशी घडली हे समजून घेणे आवश्यक आहे. लोणारचे विवर दख्खनच्या पठारावरील, सुमारे साडेसहा कोटी वर्षे जुन्या बेसाल्ट खडकात उल्कापाताने तयार झाले असून त्याचा व्यास सुमारे 1.8 किलोमीटर, खोली सुमारे 150 मीटर आणि तळाशी असलेल्या पाण्याचा व्यास साधारण 1.2 किलोमीटर आहे. 1823 मध्ये अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केल्यानंतर दीर्घकाळ ते ज्वालामुखीचे मुख समजले जात होते. 1973 मध्ये भारतीय आणि अमेरिकी शास्त्रज्ञांनी येथील खडकांत मॅस्केलिनाइट हा पदार्थ सापडल्याचे प्रसिद्ध केले, तेव्हा हा वाद बहुतांशी मिटला. प्रचंड आघाताच्या दाबाने खडकातील फेल्डस्पार हे स्फटिकमय खनिज न वितळताच काचेसारखे होते, त्या काचेला हे नाव आहे आणि ज्वालामुखीतून ती निर्माण होत नाही. विवराच्या वयाबद्दल मात्र एकमत झालेले नाही, कारण एका पद्धतीने ते सुमारे 52 हजार वर्षे येते, तर 2011 मध्ये आर्गॉन वायूच्या मोजमापावरून काढलेले वय सुमारे 5 लाख 70 हजार वर्षे भरते.

आघाताच्या वेळी विवरातून उडालेला खडकांचा चुरा, ढेकळे आणि वितळलेल्या दगडाचे थेंब भोवतालच्या जमिनीवर येऊन पसरले. या पसरलेल्या थराला भूशास्त्रात ‘इजेक्टा’ म्हणतात, म्हणजेच उत्क्षिप्त द्रव्याचे आच्छादन. काठाशी हा थर जाड असतो आणि जसजसे दूर जावे तसतसा पातळ होत जातो. लोणारला तो काठापासून साधारण 1.3 ते 1.4 किलोमीटरपर्यंत आढळतो. त्याच्या खालच्या भागात न वितळलेल्या दगडांची सरमिसळ असते, तर आघाताच्या उष्णतेची साक्ष देणारे काचेचे कण वरच्या पातळ भागात मिळतात, म्हणजे नांगर, खोदकाम आणि पायाभरणी यांचा पहिला घाव ज्या भागावर बसतो नेमक्या त्याच भागात. बेसाल्ट खडकात झालेली आघात-विवरे पृथ्वीवर मोजकीच आहेत, आणि चंद्र व मंगळ यांच्या पृष्ठभागावर बेसाल्ट मोठ्या प्रमाणावर असल्याने लोणारचा इजेक्टा हा त्या ग्रहगोलांच्या अभ्यासासाठी पृथ्वीवर सहज हाताशी येणारा दुर्मीळ नमुना ठरतो. काही अभ्यासकांच्या मते उल्का पूर्वेकडून तिरपी आली आणि म्हणून उत्क्षिप्त द्रव्य पश्चिमेकडे अधिक दूर फेकले गेले. असे अनुमान तपासायचे असेल तर थर जागच्या जागी शाबूत असावा लागतो. प्रवाशाला जे माळरान किंवा पडीक शेत दिसते, ते अभ्यासकाच्या दृष्टीने विवराचेच बाहेरचे अंग असते.

सरकारी सीमारेषा मात्र या अंगाला धरून आखलेल्या नाहीत. 2000 साली घोषित झालेल्या लोणार वन्यजीव अभयारण्याचे क्षेत्र सुमारे 3.65 चौरस किलोमीटर आहे आणि त्यात मुख्यतः विवर व त्याचा काठ येतो. विवराची त्रिज्या 900 मीटर आणि त्यापुढे आच्छादनाची रुंदी 1,350 मीटर धरून ढोबळ हिशेब केला, तर केवळ आच्छादनाचे कडे तेरा चौरस किलोमीटरांहून अधिक भरते, म्हणजे त्याचा फार मोठा भाग अभयारण्याबाहेर राहतो. नोव्हेंबर 2020 मध्ये लोणारची रामसर स्थळ म्हणून घोषणा झाली, तेव्हा त्याचे क्षेत्र 427 हेक्टर नोंदले गेले. इराणमधील रामसर या गावी 1971 मध्ये झालेल्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय करारावरून अशा स्थळांना हे नाव पडले असून महाराष्ट्रात नांदूर मधमेश्वरनंतरचे हे दुसरे स्थळ आहे. मंदिरांभोवतीची वर्तुळे याहून निराळी आहेत, कारण केंद्रीय संरक्षित स्मारकांपासून 100 मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढील 200 मीटरपर्यंत परवानगीची अट 2010 च्या कायदादुरुस्तीने घातली आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने लोणारला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून 1979 मध्ये मान दिला खरा, परंतु या मानामागे शिक्षेची तरतूद असलेला स्वतंत्र कायदा नाही. केंद्र सरकारने 2022 मध्ये भू-वारसा स्थळांच्या संरक्षणाचे एक मसुदा विधेयक मांडले, ते मसुदा म्हणूनच चर्चेत आले. सारांश, पक्ष्याला, पाण्याला आणि मंदिराला कायद्याचे कवच आहे, पण ज्या थरामुळे हे ठिकाण जगात ओळखले जाते त्याला स्वतःचे असे कवच नाही.

या जमिनीवर आणि पाण्यावर अर्थप्राप्तीचे आराखडे आखण्याची परंपरा जुनी आहे. अबुल फजलच्या ‘ऐन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात लोणारचा उल्लेख येतो आणि तेथे दोन गोष्टी शेजारी-शेजारी सांगितल्या आहेत: एक, हे ठिकाण ब्राह्मणांच्या मते विष्णुगया म्हणून पवित्र आहे, आणि दुसरी, येथे काच व साबण यांसाठी लागणारे क्षार मिळतात व त्यांचा महसूल सरकारजमा होतो. तीर्थ आणि उत्पन्न यांची ही जोडी सोळाव्या शतकापासून सुटलेली नाही. पुढे इंग्रजी अमलातही सरोवरातून क्षार काढले जात. स्वातंत्र्योत्तर काळात विवराच्या उतारावर व तळाच्या काठावर केळी, पपई आणि मका अशी पिके घेतली गेली, कारण विवरात उतरणारे झरे गोडे आहेत आणि त्यांच्या काठची माती पिकाऊ आहे. त्या शेतीतील खते व औषधे अखेर त्याच पाण्यात जात, आणि अभयारण्यानंतर ती शेती मागे हटली. तिच्या जागेवर वेडी बाभूळ माजली, तेव्हा ती काढण्याचे आदेश न्यायालयाला द्यावे लागले.

पाण्याची रचना समजली की काठावरचा वाद निम्मा उलगडतो. पाणी बाहेर न जाणाऱ्या अशा जलाशयाला बंदिस्त खोरे म्हणतात. विवरकाठच्या धार येथील गोमुखासारखे झरे, पावसाचे ओहोळ आणि गावातील सांडपाणी यांवाटे जे आत येते त्यातले पाणी तेवढे वाफ होऊन जाते, बाकी सर्व तेथेच साठते. हजारो वर्षांच्या या साठ्यामुळे पाण्याचा सामू, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप, 10 च्या आसपास असतो, आणि अशा अतिअल्क पाण्यात केवळ त्यालाच सरावलेले सूक्ष्मजीव वाढतात. जून 2020 मध्ये सरोवर गुलाबी झाले. पाणी कमी होऊन क्षारता वाढल्याने हॅलोआर्किया या क्षारप्रिय सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्याने तो रंग आल्याचे आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत आढळले. पावसाळ्याच्या पाण्याने क्षारता उतरली की रंगही मावळतो. काही वर्षे उलट घडते आणि पातळी इतकी चढते की काठावरची मंदिरे पाण्यात उभी दिसतात. त्यामुळे काठ म्हणजे नेमकी कोणती रेषा, हेच येथे दर दशकात बदलते, आणि पाण्यालगत पक्की पायवाट किंवा दगडी घाट बांधण्याचा कोणताही प्रस्ताव या हलत्या रेषेशी आधी हिशेब जमवल्याखेरीज टिकाऊ म्हणता येत नाही. नदीकाठच्या योजनांचे नमुने उचलून येथे आणण्याची हौस याच कारणाने धोक्याची आहे.

आजचे प्रस्ताव अनेक तोंडांनी बोलतात. राज्य मंत्रिमंडळाने 2022 मध्ये लोणारच्या जतन, संवर्धन व विकासासाठी सुमारे 370 कोटी रुपयांच्या आराखड्यास मान्यता दिली. जतन आणि विकास हे दोन्ही शब्द एकाच शीर्षकात नांदतात, पण जमिनीवर त्यांची गाठ पडते तेव्हा रस्ता रुंद करावा की थर वाचवावा असा सरळ प्रश्न येतो. पर्यटनाच्या बाजूने युक्तिवाद असा की शेगाव, सिंदखेड राजा आणि अजिंठा-वेरूळ यांच्या वाटेवरील पाहुणा लोणारला काही तास थांबतो व निघून जातो, त्याने मुक्काम केला तर गावात पैसा येईल. हा युक्तिवाद क्षुल्लक नाही, कारण सुमारे तेवीस हजार लोकसंख्येच्या (2011 ची जनगणना) तालुक्याच्या गावाला शेतीखेरीज मोठा आधार नाही. भाविकांच्या दृष्टीने विवराच्या तळाशी असलेले कमळजा देवीचे मंदिर आणि तेथील नवरात्राची गर्दी यांना अभयारण्याच्या नियमांपेक्षा जुना हक्क आहे. गावकऱ्याला घर वाढवायचे असते आणि गटार बांधून हवे असते, तर अभ्यासकाला वाटते की कुदळच लागू नये. 2009 पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे चाललेल्या जनहित याचिकेत सांडपाणी, झाडी, अतिक्रमण आणि रस्ते हे विषय पुन्हा पुन्हा आले, आणि विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे अनेक खात्यांचा मेळ घालण्याचे काम सोपवले गेले. निकालापेक्षा देखरेखच अधिक करावी लागावी, अशी ही याचिका आहे.

जगात अशा जागांचे दोन अगदी वेगळे नमुने आहेत. अमेरिकेतील ॲरिझोनाचे सुमारे 1.2 किलोमीटर व्यासाचे उल्काविवर आजही बॅरिंजर कुटुंबाची खासगी मालमत्ता आहे. त्या घराण्यातील डॅनियल बॅरिंजर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे उल्केचे लोखंड काढण्यासाठी खाणहक्क मिळवले होते, लोखंड फारसे हाती आले नाही, पण तिकीट घेऊन काठावरून विवर दाखवण्याची व्यवस्था टिकली. सामान्य प्रवाशाला तेथे तळापर्यंत उतरता येत नाही. त्याउलट जर्मनीत सुमारे 24 किलोमीटर व्यासाच्या रीस विवरात नॉर्डलिंगेन हे संपूर्ण शहर वसले आहे आणि त्याच्या मुख्य चर्चची बांधणीच आघातातून तयार झालेल्या खडकाने केली आहे. 2022 मध्ये या परिसराला युनेस्को जागतिक भूउद्यानाचा दर्जा मिळाला, म्हणजे लोकवस्तीसह भूवारसा जपण्याची मान्यता. लोणारला पहिला नमुना लागू पडत नाही, कारण तळाशी देऊळ आहे आणि देवळाला वाट लागतेच. दुसरा नमुना अधिक जवळचा आहे, पण रीससारख्या विशाल विवरात शहराने व्यापलेला भाग अल्प असतो, आणि लोणारच्या लहान विवराला तशी उधळपट्टी परवडत नाही.

यावरून प्रस्तावांची क्रमवारी लावायची झाल्यास निकष बांधकामाच्या सौंदर्यापेक्षा त्याच्या अंतराचा असायला हवा. गाव विवराच्या ईशान्येस इजेक्टावरच वसलेले आहे आणि तो भाग आता परत मिळणार नाही. तेव्हा निवासगृहे, वाहनतळ आणि माहिती केंद्र हे सर्व गावाच्या वस्तीत किंवा आच्छादनाच्या सीमेपलीकडे बांधावे, जेणेकरून मुक्कामाचा पैसा गावातच राहील आणि दक्षिण व पश्चिमेकडील अजून उघडा असलेला थर मोकळा राहील. दैत्यसूदन मंदिरासारखी चालुक्य शैलीतील शिल्पसमृद्ध वास्तू गावातच उभी असल्याने पाहुण्याला गावात थांबवण्यासाठी वेगळे आकर्षण उभारण्याची गरजही नाही. काठावर एखादा चौथरा आणि फलक पुरेसा आहे. खर्चाचा पहिला हप्ता मात्र सांडपाण्यावर पडला पाहिजे, कारण बंदिस्त खोऱ्यात एकदा शिरलेली घाण कोणत्याही सुशोभीकरणाने बाहेर काढता येत नाही. त्याच्याच जोडीला आच्छादनाची सीमा गट क्रमांकनिहाय आखून ती सातबाऱ्यावर आणि विकास आराखड्याच्या नकाशावर नोंदवण्याचे काम आहे. त्यासाठी भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि भूमी अभिलेख खाते यांना एका शिवारात एकत्र उतरावे लागेल, आणि खासगी शेतजमिनीवर निर्बंध येणार असतील तर त्या शेतकऱ्यांच्या मोबदल्याचा प्रश्नही त्याच वेळी सोडवावा लागेल.