भिंतीवरची सावली उलट बोलते तेव्हा



वीज गेलेल्या रात्री दिव्यापुढे हात धरून भिंतीवर ससा नाचवला नाही, अशी बाई आपल्यात शोधूनही सापडायची नाही. बोटं हलवली की सशाचे कान हलतात. हात दिव्याजवळ नेला की ससा बैलाएवढा होतो. एखादं लहान पोर तर उठून तो ससा पकडायलाच भिंतीकडे धावतं.

आता असं समजा की एका रात्री त्या सशानं तुमचं ऐकणंच सोडलं. तुमचा हात रिकामाच आहे, पण भिंतीवरच्या सशाच्या पाठीवर कुठूनतरी एक गाठोडं येऊन पडलं. मग दुसरं पडलं. तुम्ही काय कराल? बहुतेक जणी आधी हात झटकतील, हातावर काही नसताना झटकतील. आज आपण या झटकण्याबद्दलच बोलणार आहोत.

मुंबईच्या शिल्पा गुप्ता या कलावंत बाईंनी हे खरोखर करून दाखवलं आहे. त्यांचा जन्म 1976 चा. मुंबईच्या सर जे. जे. कलामहाविद्यालयात त्या शिल्पकला शिकल्या. दगड-माती घडवायला शिकलेल्या या बाईंनी 2006-07 च्या सुमारास सावल्यांची एक मालिका केली. अंधाऱ्या खोलीत मोठी पांढरी भिंत. तुम्ही समोर उभ्या राहिलात की तुमची सावली भिंतीवर पडते. तुम्ही हात वर केला की तीही करते. इथवर सगळं आपल्या घरातल्यासारखंच. मग वरून दोऱ्या उतरतात आणि त्यांवरून वस्तू घसरत येऊन तुमच्या सावलीला चिकटतात. सरकलात तरी सुटत नाहीत, उड्या मारल्या तरी सुटत नाहीत. शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाच्या सावलीवरही तेच. सामान साचत जातं आणि शेवटी सावल्या त्या ढिगात दिसेनाशा होतात. तुमच्या अंगावर मात्र धुळीचा कणसुद्धा नसतो.

ही भुताटकी नाही. भिंतीवर दिसते ती आपली खरी सावलीच नसते. समोर एक कॅमेरा असतो. तो आपल्याला बघतो आणि संगणकाला कळवतो. संगणक आपल्या आकाराचं काळं चित्र तयार करतो, त्यात आपल्या मनाची भर घालतो आणि प्रोजेक्टर ते भिंतीवर टाकतो. हे इतक्या झपाट्यानं होतं की ती आपलीच सावली वाटते.

संगणकाला माणूस ओळखू येतो कसा, हे कळलं तर मजा आणखी वाढते. सकाळी सारवून ठेवलेल्या अंगणात दुपारी पाऊल उमटलेलं दिसलं की कुणी येऊन गेलं हे आपल्याला कळतं, कारण कोरं अंगण कसं होतं ते आपल्या लक्षात असतं. संगणकाची एक सोपी रीत अशीच आहे. रिकाम्या जागेचं चित्र तो आधी साठवून ठेवतो. मग समोर कुणी आलं की नव्या चित्रातून जुनं वजा करतो. उरेल तो माणूस. पुढे 2010 मध्ये मायक्रोसॉफ्ट कंपनीचा किनेक्ट नावाचा कॅमेरा आला. तो डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडाचे ठिपके समोर टाकतो आणि कोण किती लांब आहे हे मोजतो. व्हिडिओ गेमसाठी काढलेली ही वस्तू कलावंतांनी लगेच उचलली. स्वयंपाकघरातला डबा शिवणाच्या सामानाला वापरावा, तशी.

मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो अक्षरांचा पाऊस. कॅमिल अटरबॅक आणि रोमी आकितुव या दोघांनी 1999 मध्ये तो केला. पडद्यावर तुमचं चित्र दिसतं, जसं आरशात दिसावं. वरून अक्षरं पडत असतात आणि तुमच्या डोक्यावर, खांद्यावर, पसरलेल्या हातांवर येऊन थांबतात. हात उचलला की ती उचलली जातात, हात काढला की खाली पडतात. जास्त अक्षरं झेलली तर त्यांतून एखादा शब्द, कधी आख्खी ओळ वाचता येते, कारण ती एका कवितेतली अक्षरं आहेत. यातली युक्ती अगदी साधी आहे. मागची भिंत उजळ असते आणि जिथं गडद रंग लागेल तिथं अक्षरानं थांबायचं, एवढंच संगणकाला सांगितलेलं असतं. म्हणजे गडद रंगाचा पदर दोघींनी दोन बाजूंनी ताणून धरला, तर अक्षरं त्यात गोळा होतील. पांढरं पातळ नेसून गेलात तर पाऊस अंगातून निघून जाईल, हेही लक्षात ठेवा!

आता कुणी म्हणेल, भिंतीवरच्या चित्रांचं आम्हांला काय नवल? खरं आहे. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळी गावात ठाकर समाजाची माणसं पिढ्यान्‌पिढ्या चामड्याच्या बाहुल्यांच्या सावल्या पडद्यावर नाचवत आली आहेत. तिथल्या परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. कल्याणच्या महादेव पटवर्धनांनी 1892 मध्ये शांबरिक खरोलिका सुरू केली. काचेवर रंगवलेली चित्रं दिव्याच्या उजेडानं पडद्यावर टाकायची, आणि तीही अशा हातचलाखीनं, की चित्र हलल्यासारखं वाटावं. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला 1913 मध्ये. म्हणजे त्याच्याही वीस वर्षं आधी आपल्याकडे लोक पडद्यावरचं जग बघायला जमत होते.

फरक आहे तो बघणाऱ्याच्या जागेत. सिनेमात तुम्ही रडा नाहीतर उठून जा, हरिश्चंद्र आपल्या वाटेनं स्मशानात जाणारच. जत्रेतला लेझर शोही तसाच. समोर हजार माणसं असोत की एकही नसो, उजेड ठरल्याप्रमाणेच नाचतो. बाहुलीवाला समोरच्या पोरांना दोन उत्तरं तरी देतो. या नव्या कलेत मात्र तुम्ही उभ्या राहिल्याशिवाय चित्र पुरं होत नाही. खोली रिकामी असेल तर भिंतीवर सावलीही नाही. जपानच्या टोकियो शहरात टीमलॅब नावाच्या कलावंतांच्या गटानं 2018 मध्ये असं आख्खं संग्रहालयच उघडलं. तिथं भिंतीजवळ शांत उभं राहिलं की उजेडाची फुलं उमलतात आणि हात लावला की पाकळ्या गळून जातात.

इथवर सगळी गंमत झाली. खरा प्रश्न पुढे आहे.

मायरन क्रूगर हे अमेरिकेतले या कलेचे एक आद्य कलावंत. 1970 च्या आसपास ते एका सहकाऱ्याशी पडद्यावरून बोलत होते. दोघं वेगवेगळ्या ठिकाणी, पण दोघांच्या हातांची चित्रं एकाच पडद्यावर. क्रूगरांच्या हाताचं चित्र चुकून सहकाऱ्याच्या हाताच्या चित्रावर गेलं आणि त्यानं चटकन हात मागं घेतला. धक्का तर कुणालाच लागला नव्हता! पण चित्राला लागलं ते त्या माणसाला आपल्याला लागल्यासारखं वाटलं. क्रूगरांनी या एका गोष्टीवर पुढे अनेक वर्षं काम केलं.

पॉल सर्मन या इंग्रज कलावंतानं 1992 मध्ये फिनलंड देशात हीच गोष्ट आणखी पुढं नेली. दोन वेगळ्या ठिकाणी दोन पलंग ठेवले. एका पलंगावर निजलेल्या माणसाचं चित्र त्याच क्षणी दुसऱ्या पलंगावर पडायचं. दुसऱ्या पलंगावर कुणी येऊन बसलं की शेजारी उजेडाचं माणूस. ते हात पुढे करणार, तुम्ही त्या हातावर हात ठेवणार, आणि हाताखाली फक्त चादर. बघणारे संकोचायचे, हळू व्हायचे, काही जणांना भरून यायचं. पुण्याला नाहीतर सुरतेला कामाला गेलेल्या लेकाशी व्हिडिओ कॉलवर बोलताना मोबाइलच्या काचेवरून बोट फिरवणारी माय आपण सगळ्यांनी पाहिली आहे. तिला हे समजावून सांगायची गरज नाही.

पुढे सुसान कोझेल नावाच्या नर्तकीनं हॉलंडमधल्या प्रदर्शनात हे काम केलं. रोज तासन्‌तास ती एका पलंगावर असायची आणि तिचं चित्र दुसऱ्या खोलीतल्या पलंगावर. येणारी माणसं बहुतेक हळुवार वागायची. पण एकदा कुणीतरी तिच्या चित्राच्या पोटात जोरात कोपर मारलं. ती दुसऱ्या खोलीत होती, तिला काहीही लागलं नव्हतं. तरी ती पोट धरून वाकली. तिनं स्वतः हे लिहून ठेवलं आहे.

मैत्रिणींनो, एखाद्या मुलीचा फोटो कुणी दुसऱ्याच धडाला जोडून गावभर फिरवतो आणि वर म्हणतात, फोटोच तर आहे, तुला काय झालं? त्यांना ही नर्तकी सांगावी. फोटोला झालेलं अंगाला होतं. कायदाही त्याला गुन्हाच मानतो. सरकारच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला आणि मुलांसाठी वेगळा भाग आहे आणि तिथं नाव न सांगताही तक्रार करता येते.

आणि आपलं चित्र आपल्या वतीनं कामावरही जातंच की. रोजगार हमीच्या कामावर मोबाइलमधून फोटो काढून हजेरी लावायची पद्धत 1 जानेवारी 2023 पासून सगळीकडे सक्तीची झाली. उन्हात दिवसभर माती उपसली, पण फोटो चढला नाही, तर हजेरी अडते आणि मजुरी लटकते. अंगणवाडीत पोषण आहारासाठी मोबाइलपुढे चेहरा धरावा लागतो. चेहरा जुळला तर तुम्ही आलात, नाही जुळला तर समोर उभं राहूनही आला नाहीत. काय झालं हे? घाम गाळणारं अंग इथं, पण सरकारच्या लेखी खरी ती पडद्यावरची. शिल्पाताईंच्या भिंतीसमोर उभं राहिल्यावर परदेशातल्या प्रेक्षकाला काय आठवत असेल कोण जाणे. मला तर हजेरीचा मोबाइलच आठवतो. सावली आपली, पण तिला काय चिकटवायचं ते ठरवणारा हात आपला नाही.

म्हणून मला वाटतं, बचत गटाच्या सहलीत देवदर्शनाबरोबर अशी एखादी जागाही असावी. आपल्या जिल्ह्यात मानोरा तालुक्यात पोहरादेवीला बंजारा विरासत संग्रहालय 5 ऑक्टोबर 2024 ला सुरू झालं. नगाऱ्याचं नाव मिरवणाऱ्या त्या चार मजली इमारतीत 13 दालनं आहेत. आपल्याच जिल्ह्यातल्या तांड्यांवरच्या आयाबायांचा वारसा तिथं मांडला आहे, तो आधी बघा. समृद्धी महामार्गानं नागपूरला जाणं झालं, तर गांधीसागर तलावासमोरच्या रमण विज्ञान केंद्रात जा. तिथली बरीच यंत्रं हात लावून, बटण दाबून, फिरवून बघण्यासाठीच ठेवलेली आहेत.

हे मुद्दाम सांगते, कारण आपल्या बायका अशा ठिकाणी मागं उभ्या राहतात. पोरं पुढं धावतात, पुरुष त्यांच्या मागं जातात आणि आपण पिशव्या सांभाळत भिंतीला टेकतो. हात लावू नको, फुटेल, बिघडेल, तुला कळायचं नाही, हे लहानपणापासून कानात बसलेलं असतं. पण जी भिंत माणूस समोर आल्याशिवाय जागीच होत नाही, तिच्यापुढे मागं राहून काय दिसणार? पिशव्या पाळीपाळीनं सांभाळा. गटातल्या सगळ्यात वयस्कर आजींना पहिल्यांदा पुढं करा. डोळ्यांवर लावायचा डबा देतात तिथं मात्र आधी खुर्ची मागून घ्या. त्यात डोळ्यांना वाटतं आपण चाललो आणि अंगाला माहीत असतं आपण बसलोय. त्या दोघांचं जमत नाही आणि गरगरतं. मळमळलं तर लगेच काढून ठेवायचा, त्यात लाज कसली!

आणि जिथं भिंत आपल्याला उत्तर देते तिथं दोन गोष्टी विचारायच्या. आमचं चित्र साठवून ठेवता का? ठेवत असाल तर किती दिवस? दारावरच्या माणसाला माहीत नसेल तर ज्याला माहीत आहे त्याला बोलवायला सांगा.

मग कॅमेरा शोधा. तो छतात असतो, पडद्याच्या वर असतो, कधी एखाद्या भोकात दडलेला असतो. नाहीच सापडला तर हळूहळू एका बाजूला सरकत जा. ज्या फरशीवर पाय ठेवल्याबरोबर भिंतीवरची तुमची सावली नाहीशी होते, तिथं त्याची नजर संपते. ती फरशी एकमेकींना दाखवा आणि मग हवं तितक्या वेळा आत-बाहेर करा.