दुसऱ्या बाळंतपणाला वेळ कमी मिळतो : घराने आणि बोटमालकाने आधीच ठरवून ठेवायच्या गोष्टी



या पानावर एरवी डिझेल, जाळी, बंदी आणि अनुदान हेच विषय असतात. आज घरातलं बोलूया.

घरात दुसरं मूल येणार म्हटलं की सगळे निर्धास्त असतात. "पहिल्याचं नीट झालं ना, मग आता कसली काळजी?" असं घरातली मोठी माणसं म्हणतात. पहिल्या वेळी प्रत्येक तपासणीला सोबत जाणारा नवरा आता "तू जाऊन ये" म्हणतो आणि जेटीवर जातो. प्रत्यक्षात आईचं काम वाढलेलं असतं. कडेवर एक, पोटात एक, शिवाय बाजारातली पाटी आहेच. म्हणून या वेळी काय वेगळं असतं ते बघूया.

कळा लवकर उरकतात

दुसरं बाळंतपण बहुतेक वेळा पहिल्यापेक्षा कमी वेळात होतं. मागच्या वेळी रात्रभर कळा होत्या म्हणून आताही रात्र हातात आहे, असं धरू नका. कळा नियमित सुरू झाल्या किंवा पाणी गेलं की लगेच निघायचं. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. पहिलं सिझेरियन झालं असेल तर बाळंतपण कुठल्या हॉस्पिटलात करायचं हे डॉक्टरांना विचारून आधीच ठरवा, आणि कळा सुरू होताच तिथे पोचा.

डॉक्टर देतात ती तारीख अंदाजाची असते. तीन आठवडे आधीपासून कधीही बाळंतपण होऊ शकतं. त्यामुळे त्या तीन आठवड्यांत नवऱ्याने आठ-दहा दिवसांच्या फेरीला जाऊ नये. सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्यासारखंच काम घ्यावं.

बोटमालकांना विनंती : ज्याच्या घरी दिवस भरत आलेत त्याला त्या दिवसांत जेटीवरचं काम द्या, जाळी शिवणं किंवा बर्फ-डिझेल बघणं. खलाशी बाहेरगावचा असेल तर रेल्वेचं तिकीट काढायला त्याला आधी उचल द्या. बोट बाहेर असताना घरचा निरोप वायरलेसवरून कोण पोचवणार, ते माणूस नक्की ठरवा. खोल पाण्यात मोबाईल लागत नाही हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

बंदीचा हिशोब

१ जून ते ३१ जुलै बंदी. त्या दिवसांत बाळंतपण आलं तर नवरा घरात असतो, पण हातात पैसा नसतो. ऑगस्टमध्ये आलं तर दुहेरी ओढ : दोन महिने आवक नाही आणि नव्या हंगामाला जाळी, बर्फ, डिझेल यांचा खर्च. म्हणून मे महिन्यातल्या वाट्यातूनच बाळंतपणाचे पैसे बाजूला काढा. ते बोटीच्या खर्चात मिसळू नका. सरकारी हॉस्पिटलात बाळंतपण, सिझेरियन आणि औषधं मोफत असली तरी येणं-जाणं आणि सोबतच्या माणसाचा खर्च असतोच.

तपासण्या टाळू नका

निदान चार तपासण्या हव्यातच. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रात गरोदर बायकांची मोफत तपासणी होते.

दुसऱ्या वेळी रक्तगटाकडे खास लक्ष द्या. आईचा गट निगेटिव्ह आणि पहिल्या मुलाचा पॉझिटिव्ह असेल तर दुसऱ्या बाळाला धोका होऊ शकतो. पहिल्या बाळंतपणानंतर अँटी-डी इंजेक्शन दिलं होतं का, तो कागद शोधून डॉक्टरांना दाखवा.

हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर रक्त कमी आहे. दोन मुलांत अंतर कमी असलं की हे जास्त दिसतं. लोहाची गोळी निदान १८० दिवस, रोज. ती चहाबरोबर नको, कॅल्शियमच्या गोळीबरोबरही नको. दोन गोळ्यांत दोन तासांचं अंतर ठेवा.

रक्त जाणं, जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर-हातांवर सूज, ताप, बाळाची हालचाल कमी वाटणं, यातलं काहीही झालं तर बोट परत येईपर्यंत थांबू नका. शेजारच्या कुणालाही घेऊन निघा.

पाटी आणि ताट

भरलेली पाटी एकटीने उचलू नका. दोन फेऱ्या करा किंवा दुसऱ्या बाईचा हात घ्या. ओल्या जेटीवर घसरणार नाही अशी चप्पल घाला. बाजारात तासन्‌तास एकाच जागी बसू नका, मधे उठून चाला आणि पाणी प्या. मोठं मूल कडेवर घ्यायचंच असेल तर आधी खाली बसून जवळ घ्या.

मासे जरूर खा. बांगडे, तारले, पेडवे हे स्वस्त आणि उत्तम. मोठी मोरी, तलवारमासा, मोठा ट्यूना टाळा. मोठे मासे लहान मासे खाऊन वर्षानुवर्षं वाढतात, त्यांच्या अंगात पारा साठतो आणि तो बाळाच्या मेंदूला बाधतो. तिसऱ्या, कालवं नीट शिजवूनच खा. खाऱ्या सुक्या मासळीवर हात आवरा, रक्तदाब वाढलेला असेल तर जास्तच.

घरातलं पहिलं मूल

बाळ येणार हे त्याला घरच्यांनीच सांगावं, शेजाऱ्यांकडून कळू नये. झोपायची जागा बदलायची असेल, बालवाडीत घालायचं असेल तर बाळ यायच्या दोन-तीन महिने आधी करा. नाहीतर बाळ आलं म्हणून आपल्याला बाहेर काढलं असं त्याला वाटतं. "आता तुझे लाड बंद" अशी थट्टा मोठ्यांनी करू नये. आई हॉस्पिटलात असताना ते कुणाकडे झोपणार, आजीकडे की मामीकडे, ते ठरवा आणि आधी एक-दोन रात्री तिथे राहू द्या. बंदीत बाबा घरी असतात. अंघोळ, जेवण, झोपवणं त्यांनी तेव्हाच हाती घेतलं तर पुढे सगळ्यांनाच सोपं जातं.

योजना

प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत दुसरं अपत्य मुलगी असेल तर पात्र आईला ६००० रुपये मिळतात. गरोदरपणातच अंगणवाडीत नोंद करून ठेवा, पुढे जन्मनोंद आणि पहिल्या लसी वेळेत घ्या. गोव्याच्या ममता योजनेचीही तिथेच चौकशी करा.

हॉस्पिटलची फाईल, आधार, बँक पासबुक आणि थोडे पैसे एका पिशवीत घालून दाराजवळ ठेवा. ती पिशवी कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं. तुमच्या बोटीवर ज्याच्या घरी गोड बातमी आहे, त्याला हे नक्की वाचून दाखवा.