अ‍ॅप्रेंटिस झाला, पुढे काय?

देवळाली कॅम्प, भगूर, विहितगाव या पट्ट्यात आयटीआय झालेल्या पोराबद्दल पहिली चौकशी असते ती 'अ‍ॅप्रेंटिसला कुठं लागला?' अशी. नाशिकरोडचा प्रेस, रेल्वेचा ट्रॅक्शन मशीन कारखाना, ओझरचं एचएएल, सातपूरच्या कंपन्या, ही उत्तरं पिढ्यान्‌पिढ्यांची. घरच्यांच्या लेखी ती परमनंट होण्याची रांग.

कायद्याच्या लेखी तसं कधीच नव्हतं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1939 सालीच शिकाऊ उमेदवारीवर शिफारस केली होती. आपला कायदा 1961चा. त्याच्या कलम 18नुसार उमेदवार हा कामगार नव्हे, प्रशिक्षणार्थी. आणि मूळच्या कलम 22नुसार करारात तसं लिहिलेलं नसेल, तर मालकावर नोकरी देण्याचं बंधन नव्हतं.

2008च्या मंदीनंतर जर्मनी-स्वित्झर्लंडमधली कमी तरुण बेकारी सगळ्यांच्या डोळ्यांत भरली आणि जी-20 व जागतिक बँकेपासून सारेच अ‍ॅप्रेंटिसशिपचा जप करू लागले. तिथल्या कामगार संघटना अभ्यासक्रम ठरवायला बसतात, हे मात्र या जपात दबून गेलं. आपल्याकडे 2014च्या दुरुस्तीने मालकाची तुरुंगाची शिक्षा गेली आणि उमेदवारांच्या भरतीचं धोरणही त्याच्याच हाती आलं. 2016पासून सरकार स्टायपेंडचा चौथा हिस्सा, कमाल 1500 रुपये, देऊ लागलं. पुढे जागतिक बँकेच्या कर्जावर 2,200 कोटींची 'स्ट्राइव्ह' योजना आली. जागा भरण्याची सोय झाली. प्रशिक्षणानंतरचा प्रश्न होता तिथेच राहिला.

तो 20 मार्च 2018 रोजी सकाळी दादर-माटुंग्याच्या रुळांवर येऊन बसला. रेल्वेत उमेदवारी केलेल्या पोरांनी मध्य रेल्वे रोखली. भरतीत त्यांच्यासाठी 20 टक्के जागा राखीव होत्या. त्यांना ती मर्यादाच नको होती, सगळ्यांना सामावून घ्या म्हणत होते. मुंबईचे हाल झाले हे खरं. पण रेल्वेच्याच कारखान्यात रेल्वेचंच काम शिकलेल्या पोराने दुसरीकडे कुठे जायचं, याचं उत्तर कोणत्याही अहवालात नव्हतं.

2023मध्ये जिनिव्हाच्या त्याच श्रम संघटनेने शिफारस क्रमांक 208 काढली: लेखी करार, योग्य मोबदला, सामाजिक सुरक्षा. चांगलीच आहे, फक्त शिफारस असल्याने कुणावर बंधनकारक नाही. 2024मध्ये महाराष्ट्राने कार्य प्रशिक्षण योजना आणली, शिक्षणानुसार महिना 6 ते 10 हजार रुपये. मुदत सहा महिने होती, ती पुढे अकरा झाली. मुदत संपू लागली तशी प्रशिक्षणार्थींची मागणी आली: कायम करा.