गटार पावसाचे, सांडपाणी घराचे



आपल्या जव्हार-मोखाड्यात पावसाळ्यात धो धो पाऊस कोसळतो आणि उन्हाळ्यात त्याच गावांत आयाबहिणी हंडा घेऊन विहिरीच्या तळाशी उतरतात. कारण आपली जमीन काळ्या पाषाणाची व उताराची आहे. पाणी फार मुरत नाही, वाहून जाते. म्हणून जे थोडे पाणी टिकते ते स्वच्छ राखणे भाग आहे.

रस्त्याकडेचे उघडे गटार पावसाचे पाणी वाहून नेण्यासाठी असते. ते ओहोळाला मिळते, ओहोळ नदीला. वाटेत पाणी शुद्ध करण्याची कोणतीही सोय नसते. तरीही आपण धुण्याभांड्यांचे पाणी, गाडीचे जळके ऑईल, रंगाचे उरलेले पाणी त्यातच सोडतो. साबण माशांच्या कल्ल्यांना इजा करतो. काही साबणपावडरींतील फॉस्फेटमुळे शेवाळ माजते, ते कुजताना पाण्यातील प्राणवायू संपतो. ऑईलचा पातळ तवंगही पाण्यात हवा मिसळू देत नाही. शिवाय तुंबलेल्या गटारात डास होतात, ते वेगळेच.

आपल्या नद्यांचे पाणी आपल्यापुरते नाही. मोखाडा तालुक्यात कोचाळे येथे 2014 साली पूर्ण झालेल्या मध्य वैतरणा धरणातून मुंबई पाणी पिते.

मग करायचे काय? मोरीचे पाणी परसात वळवून केळी, अळू लावावे. जमीन मुरमाड असेल तर सुमारे एक मीटर लांब, रुंद व खोल शोषखड्डा घ्यावा. तळाला मोठे दगड, वर लहान दगड व खडी भरावी. तोंडाशी जाळी बसवावी, कडा उंच ठेवाव्यात म्हणजे पावसाचे पाणी शिरणार नाही. खड्डा विहिरीपासून निदान पंधरा मीटर दूर, उताराच्या खालच्या बाजूस असावा. कातळ लागला तर खड्ड्याचा हट्ट सोडून परसबागच करावी. खरकटे आधी काढून घ्यावे, साबण बेताने वापरावा, जळके ऑईल डब्यात साठवून गॅरेजला द्यावे.

ओढ्यात वा विहिरीत घाण सोडण्यास 1974 च्या जलप्रदूषण कायद्याने मनाई आहे. पण कायद्याच्याही आधी, पाण्यात थुंकू नये, मलमूत्र करू नये, असा नियम विनयपिटकात भिक्खूंना घालून दिलेला आहे. पाण्याचा हक्क आपण संघर्षाने मिळवला. ते स्वच्छ राखण्याचे कर्तव्यही आपलेच. यंदा पावसापूर्वी प्रत्येकाने आपल्या मोरीचे पाणी कोठे जाते एवढे तरी पाहावे. सुरुवात तेथूनच होईल.